माळ्यावरच्या कॅसेटमधला ब्योमकेश: बघण्याआधी उतरवून कसा घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या कौलारू घराच्या माळ्यावर व्हीएचएसच्या सात व्हिडिओ कॅसेट सापडल्या आहेत. वडिलांनी दूरदर्शनवरून ‘ब्योमकेश बक्षी’ ही गुप्तहेर मालिका त्यात टेप केली होती, काही १९९३ च्या पहिल्या पर्वातली, काही १९९७ च्या दुसऱ्या. दोन कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरं काहीतरी दिसतं. ओळखीतून एक जुना व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारं मशिन, मिळतोय. लावून बघावं का?

आज लावू नका. तीस वर्षं पडून राहिलेली कॅसेट नीट चालण्याची एकच फेरी आपल्या हातात आहे असं धरून चालायचं, आणि ती फेरी बघण्यासाठी न वापरता उतरवून घेण्यासाठी वापरायची. बघणं नंतर, फाइलवरून, मागे-पुढे करत, हवं तितक्या वेळा. उत्सुकतेपोटी ‘चालते का बघू’ म्हणून घातलेली कॅसेट मशिनात अडकते, फीत चुरगळते आणि नेमका खुनी सापडायचा प्रसंग त्या दीड फुटात असतो.

नुसती मालिकाच बघायची असेल तर एवढा खटाटोप करायची गरज नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली होती, आणि तिथली प्रत घरच्या टेपपेक्षा स्वच्छ असणारच. पण घरच्या कॅसेटमध्ये मालिकेबरोबर त्या संध्याकाळी लागलेल्या जाहिराती, निवेदिका, पुढच्या बातम्यांची दोन मिनिटं असं बरंच काही असतं, आणि ते दुसरीकडे कुठेही मिळत नाही. तेवढ्यासाठी हे काम करण्यासारखं आहे.

आधी ते पांढरं काय आहे ते ठरवू. कॅसेट उजेडात तिरकी धरून खिडकीतून रिळाची कड बघा. चांगल्या फितीची कड काळी, गुळगुळीत आणि एकसारखी चमकते. धूळ असेल तर कॅसेट तळहातावर हलकी आपटल्यावर ती हलते, खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटलेली दिसते. बुरशी हलत नाही. ती रिळाच्या सपाट कडेवर डागांसारखी किंवा वर्तुळाच्या तुकड्यांसारखी, राखाडी-पांढरी बसलेली असते आणि कॅसेटची झडप (फीत झाकणारी उघडती पट्टी) उघडली की ओल्या पोत्यासारखा वास येतो. (जुन्या फिल्मला येतो तसा व्हिनेगरचा वास व्हीएचएसला येत नाही, कारण ही फीत पॉलिएस्टरची असते.) कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, आणि कौलाखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल. बुरशीला याहून चांगली जागा कुठली? सातपैकी दोनच कॅसेटवर ती दिसते म्हणजे बाकी पाच स्वच्छ आहेत असंही नाही. पाचही संशयित धरा.

बुरशी लागलेली कॅसेट मशिनात घातली तर दोन गोष्टी होतात. पावडर मशिनच्या हेडवर (फितीवरचं चित्र वाचणाऱ्या टोकांवर) बसते आणि चित्राच्या जागी मुंग्या दिसू लागतात. आणि तेच मशिन पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशीचे बीजाणू वाटत सुटतं.

म्हणून पहिलं काम वाळवणं. झाकण घट्ट बसणारा दहा-बारा लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी कापडी पुरचुंडीत पाव किलो सिलिका जेल ठेवा, वर जाळी किंवा आडव्या पट्ट्या आणि त्यावर कॅसेट उभ्या, मध्ये बोटभर अंतर सोडून. आत छोटा आर्द्रतामापक ठेवला तर अंदाजाने चालावं लागत नाही. काटा चाळीसच्या आसपास आला की तिथून पुढे दहा दिवस तसंच राहू द्या. जेलचा रंग बदलला (निळ्याचा गुलाबी, किंवा नारिंगी जातीचा हिरवा) की ते बाहेर काढून तव्यावर मंद आचेवर परतायचं, गार करायचं आणि परत डब्यात. परतायचं ते जेल, कॅसेट नव्हे. ‘टेप भाजून घ्या’ असा सल्ला कानावर येईल. तो काही विशिष्ट जुन्या ध्वनिफितींसाठी आहे, तुमच्या व्हीएचएससाठी नाही. ऊन, हेअर ड्रायर, टीव्हीच्या मागची ऊब यातलं काहीही नको. फीत असमान ताणली गेली की ती परत सरळ होत नाही.

वाळल्यावर बुरशी मरत नाही, निपचित पडते आणि तिची कोरडी पूड होते. तशी ती निघते. ओली असताना पुसली तर फितीवर लेपासारखी पसरते. हे काम पावसाळ्यात काढूच नका. फेब्रुवारी ते एप्रिल हे आपल्याकडचे योग्य महिने. गच्चीवर, वारा पाठीमागून येईल असं बसा, नाकावर एन-९५ मास्क, हातात पातळ मोजे. घरात कुणाला दमा असेल तर घराच्या आत करू नका.

पुसण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या कण्यावर डाव्या टोकाला असलेली प्लास्टिकची छोटी टॅब मोडून टाका. ती मोडली की त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होऊ शकत नाही. रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं गेलं आणि अख्खा भाग निळ्या पडद्याखाली गेला, असं याच कामात होतं.

आता पुसणं. कॅसेटच्या बाजूला झडपेचं छोटं बटण असतं, ते दाबून झडप वर करा. तळाच्या बाजूला मधोमध एक बारीक भोक आहे, त्यात पेन्सिलीचं टोक घालून दाबलं की दोन्ही रिळांचे ब्रेक सुटतात. मग रिळाच्या दात्यांत बसेल असं दांडकं घालून हाताने फिरवायचं, आणि समोर उघड्या पडलेल्या फितीवर मायक्रोफायबरची कोरडी घडी दोन्ही बाजूंनी अगदी हलकी धरायची. चिमटीत दाबायची नाही, नुसता स्पर्श. दर दहा-बारा फेऱ्यांनी घडीची स्वच्छ बाजू पुढे आणा. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरहून जास्त फीत असते, म्हणजे हाताने हजार-दीड हजार फेरे होतात. पाऊण तास धरा. एक दिवस, एक कॅसेट. घाई केली की फीत सैल पडते आणि झडपेत दुमडते.

कवचाच्या आत जास्तच पूड असेल तर कवच बदलणं सोपं. नवीसारखी एक रिकामी कॅसेट घ्या, दोन्ही पालथ्या ठेवून पाच-पाच स्क्रू काढा, मग स्क्रू पडू न देता सुलट्या करून वरचं झाकण सरळ वर उचला. उचलल्याबरोबर मोबाइलने फोटो काढा. फीत कुठल्या खुंटीच्या आतून जाते आणि कुठल्या बाहेरून, हे पाच मिनिटांनी आठवत नाही. ब्रेकची नाजूक स्प्रिंग उडते, त्यासाठी खाली पांढरा टॉवेल अंथरा.

एखादी कॅसेट पुरात भिजलेली असेल तर सगळा क्रम उलटा होतो. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीपर्यंत आलं तेव्हा अनेक घरांतल्या कॅसेट गाळासकट वाळवल्या गेल्या, आणि तीच चूक झाली. गाळ वाळला की कानशीसारखा होतो, फिरवताना फीत खरवडली जाते. भिजलेली कॅसेट ओली असतानाच उघडायची, रिळं स्वच्छ आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून गाळ जाऊ द्यायचा, मग सावलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर सावकाश वाळवायची.

फीत तयार झाली की मग मशिन. जो व्हीसीआर मिळतोय तो चालू होतो म्हणजे चांगला आहे असं नव्हे. आधी विचारा की वडिलांचा मूळचा व्हीसीआर कुठे आहे. घरी टेप केलेली कॅसेट ज्या मशिनवर टेप झाली त्याच मशिनवर सगळ्यात सरळ दिसते, कारण त्या मशिनच्या गाइडची (फितीला वाट देणाऱ्या खुंट्यांची) जी काही तिरकी मांडणी होती, ती फितीवर तशीच उमटलेली असते. ते बंद पडलेलं असलं तरी भंगारात घालू नका. बहुतेक वेळा त्याचा बेल्ट विरघळलेला असतो, दोरीचा डांबरी चिकट गोळा झालेला. तो खरवडून, पुली स्पिरिटने पुसून नवा बसवला की मशिन जागं होतं. बेल्टचा घेर मोजताना लक्षात ठेवा, जुना ताणलेला असतो. नवा पाचेक टक्के लहान घ्या, आणि जाडी व चौकोनी छेद तोच.

रबराचा दाबरूळ, म्हणजे पिंच रोलर, चकचकीत आणि कडक झाला असेल तर फीत सरकते आणि आवाज लडखडतो. उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, कुणीतरी लेथवर त्याचं रबर घासून देईल असं वाटतं, आणि काम सुबकही होईल, पण त्याचा व्यास थोडा जरी कमी झाला किंवा तो किंचित निमुळता झाला तरी फीत वर किंवा खाली चढते आणि कड चुरगळते. उद्यमनगरातल्या हातांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, हा भाग दुसऱ्या मेलेल्या मशिनमधून काढून बसवा.

हेड साफ करायला कानकोरणीचा कापूस वापरू नका. हेडची टोकं केसाहून नाजूक असतात, कापसाचा धागा अडकून ती तुटतात. साधा कोरा छपाईचा कागद बोटभर रुंद कापा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर) आडवा स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून सावकाश फिरवा. फिरतो तो ड्रम, कागद नाही. वर-खाली तर अजिबात नाही. कागदावर तपकिरी रेघ उमटेल, ती येईनाशी होईपर्यंत तीन-चार तुकडे लागतात. आवाजाचं हेड आणि कॅपस्टनची (फीत पुढे ओढणारी) दांडी यांना मात्र कापूस चालतो.

मग चाचणी. कुणालाही नको असलेली एक कॅसेट घ्या. लग्नाची नको, ती कुणाला तरी हवी असते. प्ले, स्टॉप, इजेक्ट, असं दहा वेळा करा, आणि प्रत्येक वेळी बाहेर आलेल्या कॅसेटची झडप उघडून फीत आत गुंडाळली गेली आहे ना ते बघा. एकदा जरी बाहेर लोंबली तरी रीळ ओढणारं चाक घसरतंय, ते दुरुस्त होईपर्यंत ब्योमकेशला हात लावायचा नाही. मशिनचं वरचं झाकण उघडून चाचणी करत असाल तर खोलीतला उजेड कमी करा. फितीची टोकं पारदर्शक असतात आणि ती ओळखायला आत प्रकाशाचे सेन्सर असतात, त्यांच्यावर बाहेरचा उजेड पडला की मशिन फीत संपली असं समजून थांबतं आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

आता उतरवून घेणं. बाजारात मिळणारी यूएसबीची स्वस्त कांडी व्हीसीआरमधून संगणकात चित्र आणते, पण कमकुवत सिग्नलवर फ्रेम गाळते, आणि तासाभराने ओठ पुढे, आवाज मागे. गुप्तहेर मालिकेत अर्धी मजा संवादाच्या वेळेत असते, तिथे हे फार खटकतं. उपाय म्हणजे व्हीसीआर आणि कांडी यांच्या मध्ये सिग्नल सरळ करणारं काहीतरी हवं. सगळ्यात उत्तम, टाइम बेस करेक्टर (सिग्नलची डळमळती वेळ सरळ करणारी यंत्रणा) असलेला एस-व्हीएचएस, म्हणजे वरच्या दर्जाचा, व्हीसीआर. तो आपल्याकडे क्वचित मिळतो. परवडणारा मार्ग म्हणजे पॅनासॉनिकचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर (ईएस१० किंवा ईएस१५). त्यावर रेकॉर्ड करायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून पुढे जाऊ द्यायचा. चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा वाकडा फडफडतो ना, तो यातून बराच सरळ होतो.

संगणकावर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पाल (आपल्याकडच्या टीव्हीची) पद्धत, आवाज ४८ किलोहर्ट्झ. साठवताना थेट एमपी४ करू नका, हफयूव्ही किंवा एफएफव्ही१ सारखं माहिती न गमावणारं रूप घ्या. काहीही न आवळता साठवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात, या रूपांत त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. तीन तासांची कॅसेट साधारण शंभर जीबी धरा, सात कॅसेटला एक टीबीची रिकामी डिस्क पुरते. तीन तासांत २,७०,००० फ्रेम यायला हव्यात. गाळलेल्या फ्रेमचा आकडा दोन-चार असेल तर सोडून द्या, शेकड्यात असेल तर मशिन, वायर, संगणक यातलं काय चुकतंय ते आधी शोधा.

उजळपणा बसवताना अंधारातला प्रसंग लावा. ब्योमकेशची गोष्ट जुन्या कलकत्त्यातली, मेसच्या खोल्या, कंदील, गल्ल्या, रात्र. दिग्दर्शक बासू चटर्जींनी पुष्कळ काही या मंद उजेडात घडवलं आहे. कांडीचं मूळ सेटिंग काळ्याला आणखी काळं करतं आणि दाराआड उभा असलेला माणूस काळ्यात विरघळून जातो. तो एकदा फाइलमध्ये काळा झाला की नंतर कितीही उजळ करा, परत येत नाही. काळा भाग किंचित राखाडी राहील असं ठेवून घ्या, गडद नंतर करता येतो. ब्योमकेश झालेल्या राजित कपूरच्या धोतराची घडी आणि पांढरा कुडता यांच्याकडेही बघा. कुडत्याच्या घड्या दिसेनाशा होऊन नुसता पांढरा पत्रा दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे.

चालवताना काय बिघडतं त्यावरून फितीचं दुखणं कळतं. आवाज लडखडतो पण चित्र स्थिर असेल तर फितीची वरची कड चुरगळली आहे, कारण साधा ध्वनिमार्ग त्या कडेवर असतो. आवाज ठीक, पण चित्र ठरावीक वेळाने सरकतं, ट्रॅकिंग सुटतं, तर खालची कड बघा, मशिनला चाल देणारा नियंत्रण मार्ग तिथे असतो. मुंग्यांचा पट्टा ट्रॅकिंग बदलल्यावर वर-खाली सरकत असेल तर ते जुळवता येतं. संपूर्ण चित्रभर मुंग्या आणि त्या वाढत चालल्या तर ताबडतोब थांबा, हेड भरलं आहे, परत कागद आणि अल्कोहोल. आणि काहीही केलं तरी न हलणाऱ्या मुंग्या किंवा माणसामागे दिसणारी त्याची फिकट सावली ही त्या दिवशी अँटेनानेच पाठवलेली आहे. ती फितीत कोरलेली आहे, तिच्यावर वेळ घालवू नका.

फीत तुटली असेल तर घरातली चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पसरून हेडला चिकटतो. व्हिडिओ फितीसाठीची खास पट्टी मिळाली तरी सांधा हेडवरून जाऊ देणं धोक्याचंच. सुरक्षित मार्ग म्हणजे दोन तुकडे दोन कवचांत घालून वेगवेगळे उतरवून घ्यायचे आणि फाइलमध्ये जोडायचे. दोन-तीन सेकंद जातील.

फाइल तयार झाली की मूळ डिस्कवर तशीच ठेवा, आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या घरात. नदीकाठच्या गावात दुसरी प्रत तळमजल्यावर नको. बघण्यासाठी वेगळी प्रत करा. इथे एक चूक सर्रास होते. टीव्हीचं जुनं चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींचं असतं, सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. ती जोडून पंचवीस केली तर हालचाल तुटक होते, आणि न जोडता ठेवली तर थांबवल्यावर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. क्यूटीजीएमसी (हेच काम करणारं सॉफ्टवेअर) वापरून पन्नास पूर्ण फ्रेम करा. मग कुठेही थांबवलं तरी चित्र एकसंध राहतं. रहस्यकथेला हे इतर कशाहूनही जास्त लागतं. ब्योमकेशची ‘रास्ते का काँटा’ ही कथा वर्तमानपत्रातल्या एका चमत्कारिक जाहिरातीपासून सुरू होते, आणि या मालिकेत पत्रं, चिठ्ठ्या, कागद वारंवार हातात येतात. व्हीएचएसवर मुळात आडव्या दिशेने दोनशे चाळीसच्या आसपासच रेषांचा तपशील असतो. त्यातलं जे आहे ते दातांत हरवू देऊ नका. ‘एआय’ने चित्र स्पष्ट करून देणारी साधनं कागदावरच्या अक्षरांच्या जागी नवीन, खोटी अक्षरं काढतात आणि चेहऱ्यांना मेणाचा तुळतुळीतपणा देतात. सुगावा असलेल्या प्रसंगावर ती वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे.

चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण चारास तीन ठेवा. ओढून रुंद केलं तर के. के. रैनांचा अजित (ब्योमकेशचा मित्र) जाडजूड होतो. खालच्या आठ-दहा ओळींत दिसणारा फाटलेला पट्टा कापू नका, काळ्या पट्टीने झाका, प्रमाण बिघडत नाही. आवाजातली खरखर काढताना हात आखडता घ्या. कुजबुजीतली शेवटची अक्षरं आणि खरखर एकाच पट्टीत असतात, खरखर शून्यावर नेली की नाव सांगणारा माणूस नुसते ओठ हलवतो. निम्मी खरखर राहू द्या, कान पाच मिनिटांत सरावतो.

शेवटचं काम वहीचं. कॅसेटवरच्या लेबलवर विश्वास ठेवू नका, एकाच कॅसेटवर दोनदा टेप करण्याची तेव्हा रीतच होती. फाइल चालवून प्रत्येक भागाची नोंद करा: कॅसेट क्रमांक, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, नाव, पहिला संवाद, मध्ये काय लागलं. सुकन्या कुलकर्णींची सत्यवती (ब्योमकेशची बायको) कुठल्या भागापासून दिसते यावरूनही क्रम लावायला मदत होते. एखाद्या भागाचा शेवट नसेल तर लगेच हळहळू नका. टायमर लावून टेप करताना कार्यक्रम उशिरा सुरू झाला की शेवट तुटायचा, पण घरात कुणी जागं असेल तर ते दुसरी कॅसेट घालून उरलेलं टेप करायचे. तो तुकडा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी कॅसेटच्या अगदी सुरुवातीला, कार्यक्रमाशी काही संबंध नसल्यासारखा दोन-तीन मिनिटं सापडतो. म्हणून सातही कॅसेट पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत उतरवा, जिथे नुसता निळा पडदा आहे तिथेही मशिन चालू ठेवा.